मित्राने गरळ ओकली? हात जोडलेला इमोजी आहेच!

दहावीच्या बॅचचा ग्रुप. रविवारी सकाळी तलावपाळीचे फोटो आणि सुप्रभात यांच्या मध्येच एक मित्र लिहितो, ‘आमच्या सोसायटीत त्या लोकांना भाड्याने फ्लॅट द्यायचा नाही, असं ठरलंय. नाहीतर उद्या घोडबंदरचं मुंब्रा व्हायचं.’ खाली टाळ्यांचे तीन इमोजी. ‘त्या लोकां’पैकी, म्हणजे मुसलमानांपैकी, एक जण ग्रुपमध्येच आहे, शाळेत याच्या डब्यातलं खाल्लेला. अशा वेळी सभ्य ठाणेकराने कसं वागावं, याची रीत ठरलेली आहे.

मेसेज नोटिफिकेशनमधूनच वाचा. ग्रुप उघडलात तर लिहिणाऱ्याला मेसेज इन्फोमध्ये तुमचं नाव दिसतं.

ग्रुप म्यूट करा. साध्या वादाला ८ तास पुरतात, पेटला तर १ आठवडा.

कोणाचा तरी वाढदिवस शोधून काढा, म्हणजे शुभेच्छांखाली विषय बुडतो.

जोडीला ‘फळांवर थुंकणाऱ्या’ फळवाल्याचा व्हिडिओ आलाच असेल, तर तो तपासू नका. उगाच दोन मिनिटं जातात: व्हिडिओ थांबवा, पाटी किंवा चेहरा स्वच्छ दिसेल तिथे स्क्रीनशॉट घ्या, गुगल लेन्सला द्या, हाच व्हिडिओ आधी कधी आणि कुठल्या गावाच्या नावाने फिरलाय ते बघा. एवढं कोण करणार? वर दोन बाणांची खूण असली तर तो निदान पाच हातांतून आलेला असतो. असा मेसेज २०२० पासून व्हॉट्सअ‍ॅप एका वेळी एकाच चॅटला पुढे पाठवू देतं. कंपनीला शंका येते, आपल्याला नाही.

तुम्ही अ‍ॅडमिन असाल तर घाबरून ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ हे चालू करा. म्हणजे गरळ वर तशीच राहते आणि बंद होतं ते उत्तर. केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या पोस्टसाठी कोणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. याचा अर्थ आपलं काही कामच नाही, असा काढावा. अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, हे सोयीने विसरावं.

आता मुख्य पायरी. रात्री जेवणं आटोपली की ज्याला बोललं गेलं त्याला खाजगीत लिहा, ‘अरे, तो तसाच आहे. मनावर घेऊ नकोस. मनाने चांगला आहे.’

मनाने चांगला! मुंब्र्याला हा एकदा तरी उतरलाय का? ठाण्यापुढे कळवा, कळव्यापुढे मुंब्रा. महापालिका एकच, मालमत्ता कर तिलाच. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबं जीव मुठीत धरून तिथे आली. घर नाकारायचं यांनी आणि ‘हे लोक एकाच ठिकाणी का राहतात’ म्हणून बोंबही यांनीच मारायची! आणि तुम्ही? घोडबंदरच्या ट्रॅफिकवर तीन-तीन परिच्छेद लिहिता, पाणी आलं नाही की आयुक्तांना टॅग करता, तिथे बरे शब्द सुचतात. इथे मात्र ‘संबंध बिघडतील’. कोणाशी? ज्याला घर नाकारलं त्याच्याशी बिघडले तर चालतात, असंच ना?

अपमान शंभर जणांसमोर आणि सांत्वन खाजगीत. लाज वाटत नाही? त्याला तुमचा रात्रीचा मेसेज नको होता. टाळ्यांच्या खाली एक ओळ हवी होती.

भाषण देऊ नका. त्याच मेसेजवर रिप्लाय दाबा, म्हणजे उत्तर कशाला आहे ते वर दिसतं. लिहा: ‘हे मला पटलं नाही. काढून टाक.’ ‘तू जातीयवादी आहेस’ म्हणालात की चर्चा त्याच्या स्वभावावर जाते आणि फ्लॅट राहतो बाजूला. इतिहास काढू नका, त्याच्याकडे दुप्पट फॉरवर्ड तयार असतात. आधी कोणी लिहिलं असेल तर खाली ‘मलाही’ एवढं तरी लिहा. त्याला एकट्याला तोंडघशी पाडलंत तर पुढच्या वेळी तोही वाढदिवस शोधेल. आणि ‘शांत डोक्याने नंतर बोलू’ बंद करा. सगळ्यांसाठी डिलीट करायला जेमतेम अडीच दिवस मिळतात. रविवारी सकाळचा मेसेज मंगळवारच्या रात्रीनंतर त्याने ठरवलं तरी त्याला काढता येत नाही.