जुनी जीप पासिंगला नेताय? ब्रेकचं नंतर बघा

पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, त्यासाठी गाडी आरटीओत पासिंगला न्यावी लागते, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात गाडी म्हणजे नव्वदच्या दशकातली महिंद्रा असेल, एमएम ५४० किंवा सीजे ३४०, तर तुम्ही माझ्या सख्ख्या नात्यातले. म्हणून हा सल्ला फुकट. माझी जीप गेल्याच आठवड्यात नापास झाली, त्याच्याशी या लेखाचा काडीचा संबंध नाही. ही निव्वळ लोकसेवा आहे.

सगळ्यात आधी रंग. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, ‘बिस्कीट’ लिहिलंय आणि बॉनेट उन्हानं फटफटीत झालंय, तर गाडी तपासणारे साहेब त्याला पांढरा म्हणणार. पांढरा म्हणजे रंगबदल, रंगबदलाची नोंद नाही, विषय संपला. मी डॅशबोर्डच्या खालचा मूळ रंग दाखवायला गेलो. साहेबांनी बघितला नाही, त्यासाठी वाकावं लागतं. तेव्हा भांडत बसू नका, सरळ पेंटरकडे टाका. फक्त उत्साहाच्या भरात ऑलिव्ह ग्रीन मारू नका, तो रंग नियमानं लष्कराच्या गाड्यांचा. आणि पेंटर आलाच आहे तर चेसिसलाही काळा फासून घ्या, चांगला जाड. त्यानं गंज जात नाही, दिसेनासा होतो. आपल्याला तेवढंच हवंय.

टायर भाड्यानं मिळतात. कुठं, ते तुम्हाला माहीत आहे.

पीयूसीसाठी, म्हणजे धुराच्या दाखल्यासाठी, गाडी न्यायची तसदी घेऊ नका, नंबरप्लेटचा फोटो पुरतो. नेलीतच, तर इंजिन गरम करून नेण्याचा शहाणपणा करू नका. खरं तर जुन्या डिझेल गाडीची धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धूर किती दाट, ते मोजायचं एकक), आणि ती मोजायची तर इंजिन तापलेलं असावं लागतं, पेडल एकदम तळापर्यंत दाबावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. आपल्या जीपचा म्हातारा, ते फ्रेंच पेजो इंजिन, तेव्हाच काय तो खरं बोलतो. पण केंद्रावरचा पोरगा पेडलवर पाय नुसता टेकवतो, आणि यंत्रातून जो आकडा येतो तो पाहून एखाद्या नव्या गाडीनंही मान खाली घालावी.

पैसे मोजून न्या. २०२२ च्या एप्रिलपर्यंत मोटारीच्या नूतनीकरणाला ६०० रुपये पडायचे. मग ५,००० झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० झाले. वर पर्यावरण कर. उशीर केलात तर महिन्याला ५०० दंड. एवढं घेतल्यावर गाडीची तपासणी तरी नीट होईल, अशी आशा एखाद्या भाबड्या माणसाला वाटू शकते. तुम्ही भाबडे नसाल असं धरून चालतो.

आता फोर-व्हील ड्राइव्ह. साहेबांना हौस वाटली तर ते म्हणतील, ‘लावून दाखवा बरं.’ कोरड्या सिमेंटवर. आणि वर, ‘जरा पूर्ण वळवून दाखवा.’ आपल्या जीपला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा, नसतो. वळताना पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या सिमेंटवर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ ट्रान्सफर केसमध्ये (पुढं-मागं जोर वाटणारी पेटी) आणि शाफ्टच्या क्रॉसमध्ये भरतो, गाडी आखडते, खालून आवाज येतो. तो आवाज ऐकून साहेब म्हणाले, ‘गाडीत दोष आहे.’ मी म्हटलं, दोष सिमेंटमध्ये आहे. हे असं बोलू नका. मला ते महाग पडलं.

रेडियमच्या पट्ट्या लावा. पुढं पांढऱ्या, मागं लाल. माझ्या मागच्या पट्टीचा कोपरा उखडला होता, तोही शेऱ्यात आला.

आणि आता ब्रेक. ब्रेकवर खर्च अजिबात करू नका. मी केला, म्हणून सांगतो. पासिंगच्या आधी चारही चाकांचे ब्रेकचे ड्रम उघडले, ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे लायनर नवे बसवले, व्हील सिलिंडरच्या किट बदलल्या, रबरी होज बदलले, किंगपिनच्या बेअरिंगा भरल्या, स्टिअरिंगचा प्ले काढला, हँडब्रेक ओढून घेतला. आपल्या नाशिकच्या वडाळा नाक्याकडच्या मिस्तरीनं गाडीखालून बाहेर येऊन सांगितलं, ‘आता कसारा घाटात न्या, पाय ठेवला तिथं उभी राहील.’ आणि तपासणीत ब्रेक किती वेळा दाबला गेला? एकदाही नाही. गाडी चालवलीच नाही कोणी. चारी बाजूंनी फोटो काढले, चेसिस नंबरचा छाप घेतला, हॉर्न वाजवला, वायपर फिरवला. वायपर! उन्हाळ्यात वायपर फिरतो की नाही हे बघणाऱ्या माणसाला गाडी थांबते की नाही हे बघावंसं वाटू नये?

काय अवघड आहे त्यात? चारही चाकांना ड्रम असलेली गाडी आहे ही. तिचे रोग आत असतात, बाहेरून दिसत नाहीत. ॲक्सलचं सील गेलं की डिफरन्शियलचं तेल ड्रममध्ये उतरतं, लायनर भिजतं, ते चाक धरेनासं होतं आणि ब्रेक दाबला की गाडी एका अंगाला ओढते. हे कळायला ड्रम उघडावा लागत नाही. मोकळ्या जागेत गाडी तीसच्या वेगानं सोडा, स्टिअरिंग सैल धरा, ब्रेक दाबा. अर्ध्या मिनिटात कळतं. चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवा, ओलं लागलं तर सिलिंडर गळतोय. जुन्या सीजे ३बी सारख्या गाड्यांत सगळ्या ब्रेकला तेलाचं एकच सर्किट. एक होज फुटला की चारही चाकं मोकळी, पेडल थेट फ्लोअरला. पावसाळ्यात हरसूल-पेठकडच्या ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी आणि गाळ भरतो, पुढचे काही ब्रेक नुसते देवाच्या भरवशावर. दहा हजार रुपये घेऊन बघायचं ते हे. मुंबई उच्च न्यायालयानं भाड्याच्या आणि मालाच्या गाड्यांच्या तपासणीसाठी २५० मीटरचे ब्रेक टेस्ट ट्रॅक करायला लावले, ते काय फिरायला जायला? न्यायालयाला कळलं ते खासगी गाडीच्या वेळी का कळू नये? की खासगी जीप दगडावर आपटली तर आतल्या माणसाला कमी लागतं?

असो. सल्ला.

एजंट करा. मी केला नाही.

गाडीवर प्रेम असेल तर थोडी वाट बघा. २०२१ च्या नियमानं पन्नास वर्षं झाली की ती विंटेज होते, तिला वेगळी ‘व्हीए’ मालिकेची पाटी मिळते, मान मिळतो. फक्त मग ती रोज चालवायची नाही. म्हणजे १९९३ ची जीप २०४३ पर्यंत सांभाळा. तोपर्यंत ती भंगार.

नंबरप्लेट एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटीची, हवी. मुदत वाढत राहिली म्हणून थांबला असाल, तर तुमचं राज्यकारभाराचं ज्ञान माझ्यापेक्षा बरं आहे.

रांगेत माझ्या मागं एक जीप होती. सुंदर. नवा रंग, हार्डटॉप, पुढं लखलखीत गार्ड, टायर त्या सकाळीच चढवलेले. उतारावर उभी केली तेव्हा मालकानं उतरून मागच्या चाकाला वीट लावली. हँडब्रेकचा दांडा हातात नुसता वर-खाली होत होता, मी डोळ्यांनी पाहिलं. साहेबांनीही पाहिलं असेल, वीट त्यांच्या पायाशीच होती. फोटो निघाले, हॉर्न वाजला, वायपर फिरला, पास. पाच वर्षं. मालक मला म्हणाला, ‘काका, तुम्ही उगाच ब्रेकमध्ये पैसे घातले, रंगात घालायचे.’ मी विचारलं, हँडब्रेक? तर म्हणे, ‘वीट असते ना गाडीत.’ मागच्या दोन आडव्या सीटवर गाद्या होत्या, पोरांच्या चपला होत्या. म्हणाला, पुढच्या पौर्णिमेला सगळ्यांना घेऊन वणीला जातोय.

अरे भल्या माणसा, सप्तशृंगीचा घाट आहे तो. तिथं काय झालंय आणि किती वेळा झालंय हे नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला मी सांगू? तिथं उतरताना वीट कुठं लावणार आहेस? चालत्या चाकाला? मागच्या आडव्या सीटवर पोरं बसणार, त्यांना पट्टा नाही, दार म्हणजे कापडाचा पडदा, आणि तू मला रंगाचं शहाणपण शिकवतोस. साहेबांनी पास केली म्हणून गाडी चांगली झाली काय? तो शिक्का कागदावर पडलाय. लायनर तेवढंच झिजलेलं आहे जेवढं काल होतं.

आणि हा एकटा नाही. तुम्ही पण तेच करता. पासिंगपुरते टायर आणता, संध्याकाळी परत देता, गुळगुळीत टायर पुन्हा चढवता आणि त्यावर त्र्यंबकच्या पावसात जाता. जीपच्या नावानं ग्रुप काढता, चिखलातले फोटो टाकता, गार्डला आणि लाइटला पंचवीस-तीस हजार घालता, आणि मिस्तरीनं व्हील सिलिंडर बदला म्हटलं की ‘पुढच्या वेळी बघू’. तुमच्या आळसावर पांघरूण घालणारी तपासणी आहे म्हणून तुम्हालाही ती बरी वाटते. नापास करणारा खरा साहेब उद्या आलाच, तर पहिली बोंब तुमचीच असेल.

साहेबांनाही सांगतो, ऐकत असतील तर. माझा रंग मी मारून आणतो, आणा तुमचा फॉर्म. पण एकदा, फक्त एकदा, सीटवर बसा, गाडी सोडा आणि ब्रेक दाबा. माझ्याही आणि त्या विटेवाल्याच्याही. तेवढ्यासाठीच तुम्हाला तिथं बसवलंय. वायपर मी घरी बघतो.

आणि तुम्ही, हा लेख वाचून हसत बसलेले. तुमची जीप आत्ता दारात उभी आहे ना? हँडब्रेकवर उभी आहे की गियरमध्ये टाकून?