जर्मलचं चाक

रत्नागिरीत समुद्र दोन. मांडवीकडचा काळा आणि मिऱ्याच्या बाजूचा पांढरा. आमचं घर पांढऱ्या समुद्राच्या अंगाला. घरबसल्या गाज ऐकू येते, हे आम्ही पुण्याच्या पाहुण्यांना आवर्जून सांगतो. त्याच खाऱ्या वाऱ्यानं गेटाची कडी एक दिवस हातात येते, हे सांगत नाही.

त्यामुळे गंज म्हणजे काय हे मला शिकवायला नको. गंज लाल असतो, त्याची पापडी निघते, धुतलेल्या सदऱ्यावर त्याचा डाग पडतो आणि तो डाग कशानंही जात नाही. चार वर्षांपूर्वी पुण्याहून जुनी गाडी घेतली तेव्हा एजंट म्हणाला, "साहेब, चाकं अलॉयची आहेत. गंजायचा प्रश्नच नाही." कोकणातल्या माणसाला फसवायला एवढं वाक्य पुरतं. मी घासाघीससुद्धा केली नाही. आमच्याकडे अशा चाकांना मॅगव्हील म्हणतात. नाव मॅग्नेशियमवरून आलेलं, पण माझी चाकं अ‍ॅल्युमिनियमचीच. गाडी दारात आली तेव्हा आईनं हळदकुंकू लावता लावता चाकावर नखानं टकटक केलं आणि म्हणाली, "हे तर जर्मलचं!" आमटीचं पातेलं आणि माझी चाकं तिनं एका फळीवर नेऊन ठेवली.

यंदा मार्चमध्ये डाव्या पुढच्या चाकावर पांढरा डाग दिसला. पक्ष्याची करणी समजून मी तीन रविवार तो धूत होतो. चौथ्या रविवारी डागाला पाय फुटले. चकचकीत थराच्या खालून बारीक पांढऱ्या रेघा वळवळत निघालेल्या, वाळवी दाराच्या चौकटीवरून जाते तशा. नखानं टोकरलं तर वरचा थर कांद्याच्या सालीसारखा सुटला आणि खाली पांढरी भुकटी. भिंतीला लोणा लागतो ना, अगदी तशी.

शेजारचे नाना एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. म्हणजे आता ते वर्कशॉप आमच्या अंगणात भरतं. उकिडवे बसून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी निदान केलं. "हाही गंजच. अ‍ॅल्युमिनियमचा गंज पांढरा असतो."

नानांचं म्हणणं असं, की अ‍ॅल्युमिनियमला हवा लागली की ते स्वतःच अंगावर एक पातळ साय धरतं आणि त्या सायीखाली सुखात राहतं. पण मीठ त्या सायीला भोकं पाडतं. म्हणून कंपनी वरून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, हात देते. "तू चाक फुटपाथला घासलंस, लॅकर तडकलं, खारं पाणी आत शिरलं. आता ते आतल्या आत चरत जाणार. घासलंस ना?"

घासलं होतं. बसस्टँडजवळ. आपल्याकडे गाडी डावीकडून चालवायची आणि ड्रायव्हर बसायचा उजवीकडे, त्यामुळे फुटपाथ लांबच्या चाकांच्या वाट्याला येतो आणि ती चाकं काय भोगतात ते आपल्याला दिसत नाही.

"आणि धुवायला कुठे देतोस?" नानांनी विचारलं. मी एका वॉशिंग सेंटरचं नाव सांगितलं. तिथला पोरगा बाटलीतून काहीतरी मारतो आणि चाकं आरशासारखी होतात. नाना नुसते हसले. बाटलीत अ‍ॅसिड असतं म्हणाले. त्या पोराला मी दर वेळी वर वीस रुपये देत होतो.

दुरुस्तीला दिलं असतं तर हा लेख झाला नसता. पण चौकशी केली तिथला माणूस म्हणाला, "चारी नवीन टाका." आकडा ऐकल्यावर मी घरीच करायचं ठरवलं. नशीब एवढंच, की माझी चाकं साधी रंगवलेली होती. हल्ली लेथवर तासून चकाकी काढलेली चाकं येतात, ती घरी घासली की संपली, पुन्हा लेथच गाठावं लागतं.

सुरुवात नटांपासून. गाडी जॅकवर घ्यायच्या आधी नट ढिले करायचे असतात, हे मी जॅकवर घेतल्यानंतर शिकलो. गाडी खाली घेतली, नट ढिले केले, पुन्हा वर घेतली, नट काढले. चाक जागचं हलेना. चाक ज्यावर बसतं तो हब लोखंडाचा, चाक अ‍ॅल्युमिनियमचं, मध्ये खारं पाणी. दोघांचा संसार असा जमलेला, की सुटायचं नाव नाही. मी लाथ मारली. चप्पल तुटली. अखेर नानांनी नट बोटानं चढवून थोडे सैल ठेवायला लावले, गाडी खाली घेतली आणि हातभर पुढे, हातभर मागे अशी हलवायला सांगितली. तिसऱ्या झोक्याला 'टक्' असा आवाज झाला. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

त्या जागी स्टेपनी चढवली. लोखंडी, काळी, काठाला लाल गंज. आपला ओळखीतला गंज! स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला काढलं. त्या काळी गाडीबरोबर असं चाक मिळत नसे. पुढे आपण या शब्दाला जो दुसरा अर्थ चिकटवला, त्याला ते बंधू जबाबदार नाहीत.

मग घासणं. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०, मग पाणी लावून ४०० आणि ८००. दुकानात हे चार कागद चाळीस-पन्नास रुपयांत मिळतात, म्हणून काम स्वस्त वाटतं. माझ्या चाकाला पाच आरे, प्रत्येक आऱ्याला दोन बगला, आणि बगलेत बोट जातं पण कागद जात नाही. तीन संध्याकाळी मी अंगणात पाटावर बसून चाक घासत होतो. येणारे-जाणारे थांबायचे. "काय, भांडी का?" आई ओट्यावरून म्हणाली, "चिंच देऊ का?" आणि मग स्वतःच, "नको, जर्मलला आंबट चालत नाही." तीस वर्षं जे तिनं पातेल्याच्या बाबतीत पाळलं, ते मला अ‍ॅसिडच्या बाटलीच्या बाबतीत सुचलं नव्हतं.

खड्ड्यांत लांबी भरली, वाळल्यावर पुन्हा घासली. आता रंग. टायरवर रंग उडू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत पत्ते खोचतात, ही युक्ती मला भयंकर आवडली. सुट्टीला भाचरं आली होती, पत्त्यांचा कॅट घरात होता. एका चाकाला तीस पत्ते लागले. नटांच्या बसणीवर नानांनी स्वतः चिकटपट्टी लावली. "इथे रंग नको. रंग दबला की नट ढिला होतो, मग चाक तुझ्या पुढे जातं."

गच्चीवर नेऊन अस्तराचे दोन हात दिले आणि मग रुपेरी स्प्रेचे तीन, पातळ पातळ. वारा पश्चिमेचा होता. गच्चीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात आईनं ताटांमध्ये आंब्याची साठं वाळत घातली होती. या दोन गोष्टींचा एकत्र विचार मी केला नाही. आईनं केला, पण नंतर. नऊ ताटांपैकी चार ताटांवर रुपेरी झाक आली होती. "वर्ख लावल्यासारखं दिसतंय," मी म्हणालो. बोलायला नको होतं. त्या चार ताटांचा हापूस होता.

शेवटचा हात लॅकरचा. तो मी संध्याकाळी मारला, ऊन नको म्हणून. मे महिन्यातली रत्नागिरीची संध्याकाळ. हवा पिळली तर बादली भरेल. डोळ्यांदेखत लॅकर दुधाळ झालं. ज्या पांढऱ्याला घालवायला एवढं केलं, तेच पांढरं साजूक होऊन परत आलं. दमट हवेत लॅकर असं फुलतं, नाना म्हणाले, सकाळी दहानंतर मारायचं असतं. हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं. पुन्हा ८००चा कागद, पुन्हा एक संध्याकाळ, पुन्हा "काय, भांडी का?"

नवव्या दिवशी चाक गाडीला लागलं. नट समोरासमोरचे आवळत गेलो, एकाशेजारी एक नाही, नाना पाठीशी उभेच होते. मागे सरकून पाहिलं. चाक सुरेख झालं होतं. इतकं सुरेख, की डावं मागचं चाक, जे काल रात्रीपर्यंत मला धडधाकट वाटत होतं, ते आता आजारी दिसू लागलं. जवळ जाऊन पाहिलं तर त्याच्याही काठाला पांढरी रेघ. उजवीकडची दोन पाहायचं धैर्य झालं नाही.

बायकोनं नवा कॅट आणायला साफ नकार दिला आहे. रात्री भाचरांबरोबर मेंढीकोट खेळायला बसलो. हातात चौकटचा एक्का आला, तो मी छातीशी धरला.

"मामाकडे चौकटचा एक्का आहे," धाकटी समोरून म्हणाली.

"कशावरून?"

"त्याचा डावा कोपरा रंगलाय."