तीन नाकांची नवरी

परवा एका तरुण फोटोग्राफरने मला विचारलं, "दादा, तुम्ही लग्नात एक्सपेरिमेंट का करत नाही? सगळं सेफच मारता." मी हसलो आणि चहा सांगितला. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हे एवढं लांबण. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, राग नाही.

करतो रे बाबा. रोज काहीतरी करतोच. फक्त लोकांच्या लग्नात करत नाही.

२०११ सालची गोष्ट. गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. मी नुकताच नवीन फ्लॅश घेतला होता आणि स्लो शटरचं वेड लागलं होतं. म्हणजे शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं, हलणाऱ्या गोष्टींच्या रेघा उमटू द्यायच्या आणि फ्लॅशच्या एका झटक्यात माणूस स्थिर पकडायचा. घरी बायकोला हातात निरांजन घेऊन अंधारात इतक्या फेऱ्या मारायला लावल्या की ती म्हणाली, "आता आरती तरी म्हणा." छान जमत होतं. तर डोक्यात आलं की अंतरपाट खाली येतो त्या क्षणी हे करायचं. हवेत अक्षतांच्या रेघा आणि मधोमध दोघं निश्चल. शटर अर्धा सेकंद.

शेवटचं "सावधान" झालं, अंतरपाट सरकला, वाजंत्री सुटली, मी बटण दाबलं. त्या अर्ध्या सेकंदात नवरीने मान वर केली. आणि त्याच अर्ध्या सेकंदात नवरीचा आतेभाऊ आणि आणखी कोणी एक हौशी काका यांनीही आपापल्या कॅमेऱ्याचे फ्लॅश उडवले. माझा एक आणि त्यांचे दोन. प्रत्येक फ्लॅशने तिचा चेहरा वेगळ्या जागी गोठवला. स्क्रीनवर बघतो तर नवरीला तीन नाकं.

हार पुन्हा घालायला लावता येतात. आम्ही सगळेच लावतो, खोटं कशाला बोलू. अंतरपाट एकदाच पडतो.

अल्बम द्यायला गेलो तेव्हा तो फोटो मी लपवायला हवा होता. पण उगाच प्रामाणिकपणा अंगात आला आणि वेगळ्या पाकिटात घालून दिला. आजीने चष्मा वर-खाली करून विचारलं, "आमच्या पोरीला तीन नाकं कशी रे?" सगळे हसले. मुलीचे वडील मात्र हसले नाहीत, नुसतं म्हणाले, "बाकीचे चांगले आलेत." ते तीन शब्दांचं वाक्य मला शिव्यांपेक्षा जड गेलं. पैसे कमी घेतले, पण त्याने काय होतंय?

तेव्हापासून माझा हिशेब सरळ आहे. नुकसान माझ्या खात्यात पडणार असेल तर तो प्रयोग. गिऱ्हाइकाच्या खात्यात पडणार असेल तर तो घोटाळा, मग फोटो कितीही कलात्मक येवो.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल, पण हल्ली गिऱ्हाईकच "काहीतरी वेगळं" मागतं. मागतं ना. गुहागरच्या किनाऱ्यावर एका प्री-वेडिंगला जोडप्याला रंगीत धूर हवा होता. समुद्रावरचा वारा कोणाच्या बापाचं ऐकत नाही हे मी आधीच सांगितलं होतं. धूर हवेत तरंगण्याऐवजी सरळ नवऱ्याच्या मोतिया शेरवानीवर गेला आणि शेरवानी भाड्याची होती. पण तो निर्णय त्यांचा होता, त्यामुळे मी निवांत झोपलो.

आता माझ्या खात्यातले सांगतो.

सगळ्यात जास्त वर्षं खाल्ली ती एका डब्याने. कोल्ड्रिंकचा रिकामा डबा घ्यायचा, त्याला सुईने बारीक भोक पाडायचं, आत ब्लॅक अँड व्हाइटचा फोटो पेपर गोल बसवायचा, डबा गच्चीच्या कठड्याला बांधायचा आणि विसरून जायचं. सहा महिने. रोज सूर्य उगवतो, मावळतो आणि कागदावर एकेक रेघ ओढून जातो. डेव्हलपर लागत नाही, उन्हानेच कागद काळा पडतो. नंतर काढून सरळ स्कॅन करायचा. बाबांच्या डार्करूममधलं मुदत संपून गेलेलं एक पाकीट घरी माळ्यावर होतं आणि या कामाला तसला शिळा कागदही चालतो.

पहिल्या वर्षी मी युरोपातल्या लोकांचे व्हिडिओ बघून डबा अगदी सरळ, ओळंब्यात बांधला. २२ डिसेंबरला लावला, जूनमध्ये काढला. सकाळच्या रेघा होत्या, संध्याकाळच्या होत्या, मधली दुपारच गायब! डोकं खाजवून कंपास बॉक्समधला कोनमापक काढला. त्यांच्याकडे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाला धरून फिरतो. चिपळूणचा सूर्य ऐन डिसेंबरातसुद्धा भर दुपारी साधारण ४९ अंशांवर असतो. त्याची प्रतिमा कागदावर पडायच्या ऐवजी डब्याच्या बुडाला पडत होती. दुसऱ्यांच्या सूर्यावर केलेला अभ्यास आपल्या गच्चीवर चालत नाही, हे कळायला मला सहा महिने लागले.

पुढच्या खेपेला डबा मागे कलता बांधला. शिवाय मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, त्यानंतर दुपारचा सूर्य उत्तरेकडून जायला लागतो. म्हणून ठरवलं की तोवर डबा काढायचा. म्हणजे पावसाच्याही आधी. सगळं शास्त्रशुद्ध. शेजारच्या काकूंना मात्र कठड्याला बांधलेला तो काळ्या टेपचा डबा बघून वेगळाच संशय आला. करणी-बिरणी नाही, सूर्याचा फोटो आहे, असं मी समजावलं, तर म्हणाल्या, "सूर्य काय पळून चाललाय?" मेमध्ये डबा उघडला. कागद जवळजवळ कोरा, एका बाजूला फक्त चार रेघा. भोक बघतो तर त्यावर मातीचा सुबक गोळा. कुंभारीण माशीने भोक लिंपून टाकलं होतं, तेही बहुधा पाचव्याच दिवशी. ते चार दिवस मी फ्रेम करून स्टुडिओत लावलेत.

दुसरं वेड वाटाण्याचं. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवायचे. म्हणजे आमच्याच धंद्यातले. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, पण त्याच्या आधी, पैसे लावणाऱ्यांना हे चलच्चित्र प्रकरण पटावं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रोज थोडा थोडा चित्रित करत त्याचं झाड होताना दाखवलं. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर! माझ्या कॅमेऱ्यात दर दहा मिनिटांनी आपोआप फोटो काढायची सोय आहे, तर मला जमायलाच हवं. आपण कोकणातले, म्हणून वाटाण्याऐवजी कडवे वाल घेतले. ओल्या फडक्यावर सहा दाणे, वर टेबललॅम्प, कॅमेरा स्टँडवर. दोन दिवस मोड काय सुंदर येत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी लग्नाची ऑर्डर उरकून आलो, तर फडकं रिकामं. आईने बिरड्यासाठी वाल भिजवले होतेच, त्यात हेही सोलून टाकले. "सहाच तर होते, आणि मोड चांगले आले होते." शेवटच्या काही फ्रेममध्ये तिचा हात आलाय. क्लिप अकरा सेकंदांची आहे आणि अख्ख्या घरात तिच्याइतकी लोकप्रिय दुसरी कुठलीच नाही.

या सगळ्याला आमचे धंदेवाले मित्र "रिकामे उद्योग" म्हणतात. असतीलही. पण दिवसभर पासपोर्ट साइझ, हनुवटी खाली, खांदे सरळ, डोळे मिटू नका, हे केल्यावर हातात कॅमेरा धरावासा वाटत राहिला पाहिजे. तो मला या उद्योगांमुळे वाटतो.

आता एक नकोसा विषय. २२ जुलै २०२१. चिपळूणकरांना तारीख पुरे. बाजारपेठेतलं आमचं दुकान शटरसकट बुडालं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर कॅमेऱ्यांपेक्षा मी आधी कपाट उघडलं. बाबांनी १९७८ ला स्टुडिओ सुरू केला तेव्हापासूनच्या निगेटिव्ह त्यात होत्या, गावाची लग्नं, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो. सगळं चिखलात. निगेटिव्ह ओली असेल तोवर धुता येते. एकदा एकमेकींना चिकटून वाळली की संपलं. म्हणून आठवडाभर बादल्यांमध्ये स्वच्छ पाणी बदलत बसलो आणि गच्चीवर दोरीला चिमट्यांनी लावत गेलो. बऱ्याच वाचल्या. बऱ्याचशांचा चित्राचा थरच सुटून गेला. पोटमाळ्यावरच्या हार्ड डिस्कचंही तसंच, अर्ध्या चालल्या. तेव्हापासून प्रत्येक कामाची एक कॉपी बहिणीकडे पुण्याला जाते.

पुढचे कित्येक महिने लोक दुकानात येत होते. कोणाचा अल्बम वाहून गेला होता, कोणाच्या वडिलांचा एकुलता एक फोटो. "तुमच्याकडे काही असेल का हो?" काहींना देता आलं. काहींना नाही म्हणताना काउंटरवर हात ठेवून नुसता उभा राहायचो.

त्याच दिवसांत शहरातले एक कलावंत गृहस्थ आले होते. खराब झालेल्या निगेटिव्ह उजेडावर धरून म्हणाले, "काय टेक्श्चर आलंय! याचं प्रदर्शन करा." त्यांनी धरलेल्या निगेटिव्हमध्ये एक नवरा-नवरी होती. नवरीच्या जागी नुसता निळसर ओघळ उरला होता. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि पाकिटात ठेवली. माणूस वाईट नव्हता, दिसायलाही ते खरंच सुंदर होतं, पण तो ओघळ माझा नव्हता आणि त्यांचाही नव्हता. ती पाकिटं अजून कपाटात आहेत, वरच्या खणात.

असो. डबा यंदाही लावलाय, कलता, भोकाच्या अवतीभवती कडुनिंबाचं तेल फासून. त्याने कुंभारीण लांब राहते की नाही, मला ठाऊक नाही. हाही प्रयोगच. कालच काकूंनी कठड्यावरून हाक मारली, "अरे, तुझ्या सूर्याच्या डब्यावर माशी घिरट्या घालतेय. हाकलू का राहू दे?"