पोरीचं माप काढताना

गणेश चवथीला गोव्यातल्या मूळ घरी जाणार असाल, तर तिथे तेरा-चौदा वर्षांची एखादी पोर असणारच. तिचं माप काढल्याशिवाय गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या माटोळीखाली बसू नका.

वेळ मात्र साधता आली पाहिजे. ती एकटी असताना बोललात तर शब्द फुकट जातात. पंगत बसू द्या, पानात खतखतं पडू द्या, तिचा हात दुसऱ्या नेवरीकडे (करंजीकडे) जाऊ द्या आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा, "अगो बाय, कितली मोटी जाल्या तूं!" हात तिथेच थांबतो. नेवरी परत ठेवताना कड फुटते, आतलं थोडं चून पानावर सांडतं आणि पुढचा अर्धा तास ती तेच बोटाने गोळा करत बसते. लगेच तिच्या आईला सांगा, "खाऊ दे गे, वाढतं वय!" म्हणजे प्रेमळही तुम्हीच.

पोर बारीक असेल तर "घरात जेवायला घालत नाहीत काय?" आहेच. सावळी असेल तर गोऱ्या बहिणीशेजारी उभी करून फोटो काढा. 'फेअर अँड लव्हली'ने 2020 साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' लावला. ती कंपनीची गरज, तुम्हाला कसलं बंधन?

पाळीच्या आगेमागे मुलींच्या अंगात चरबी वाढते, कंबर रुंदावते, हे वाढीचंच लक्षण, असं डॉक्टर सांगतील. सांगोत. पोरीला पाळण्यापासून पाहिलंय कोणी, डॉक्टरांनी की आपण?

उरलेलं काम फोन करतो. इन्स्टाग्रामच्या कंपनीचे अंतर्गत कागद 2021 मध्ये बाहेर आले. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं 32 टक्के किशोरींनी कंपनीलाच सांगितलं होतं. म्हणजे तुम्ही नसताना हयगय होत नाही.

फळ लवकर दिसतं. पोर फुगडीत उतरत नाही. सोफ्यावर बसली की उशी मांडीवर ओढते. उकाड्यातही जॅकेट काढत नाही. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही, कारण उभं राहिलं की सगळे बघतात. याला 'शांत स्वभाव' म्हणावं, स्थळं बघताना उपयोगी पडतो. आणि दार लावून बसू लागली, तर मोबाइलला शिव्या घाला.

14416 या नंबरवर 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, 2022 पासून, तीही फुकट. पण फुकटचे सल्ले द्यायला आपण आहोत ना?

पुढचा मोका दिवाळीचा. वाड्यावरची पोरं कागदावर कागद चिकटवून नरकासुराच्या पुतळ्याचं पोट फुगवतात आणि स्पर्धेत बक्षीस घेतात. ते बघून झालं की फोव (पोहे) खायच्या वेळेला पुन्हा त्या घरी पोचा. पोर दिसली नाही, तर धाकट्या बहिणीलाही आता अकरावं लागलंय.