नादियाची साक्ष आणि आपापल्या बाजू

नादिया मुराद हिचे ‘द लास्ट गर्ल’ हे आत्मकथन 2017 साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी काँगोचे डॉक्टर डेनिस मुक्वेगे यांच्यासह तिला शांततेचे नोबेल मिळाले. मी राहते त्या जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने 2015 पासून, आयसिसच्या तावडीतून सुटलेल्या सुमारे 1,100 यझिदी (उत्तर इराकमधला एक अल्पसंख्य धार्मिक समाज) स्त्रिया आणि मुले तिथून आणून वसवली, नादिया त्यांच्यापैकीच. त्यामुळे इथे तिचे पुस्तक दूरदेशीची हकिगत म्हणून वाचले जात नाही. महाराष्ट्रातल्या माझ्या नातलगांत आणि स्नेह्यांत मात्र त्यातले निवडक उतारे फिरत असतात, आणि पाठवणाऱ्याचे नाव पाहिले की ते कशासाठी पाठवले आहेत हे वाचण्याआधीच कळते. एका गटाला ते एका धर्माविरुद्धचा पुरावा म्हणून हवे असतात. दुसरा गट नेमक्या त्याच कारणाने या पुस्तकाचे नावही काढत नाही. दोघांपैकी कोणी ते सलग वाचले असेल, असे मला वाटत नाही.

कारण सलग वाचू लागले की बराच काळ आपण सिंजार भागातल्या कोचो या गावात असतो. शेतीवर कसेबसे भागवणारे मोठे कुटुंब, सगळ्यांना धाकात आणि हसतही ठेवणारी आई, आणि गावातल्या नवऱ्या मुलींचे सजलेले फोटो जमवून पुढे स्वतःचे ब्यूटी पार्लर काढण्याची स्वप्ने पाहणारी ही मुलगी. फिरत्या उताऱ्यांत यातली एकही ओळ नसते. ऑगस्ट 2014 मध्ये आयसिसने गावाला वेढा घातला आणि 15 तारखेला सगळ्यांना शाळेत गोळा केले. पुरुषांना बाहेर नेऊन गोळ्या घातल्या. नादियाचे सहा भाऊ आणि आई मारली गेली, आणि तिला मोसुलला नेऊन विकण्यात आले. ते सारे बेभान झुंडीचे काम नव्हते. गुलामीची नोंद होत होती, तिचे नियम छापले जात होते, कोण कोणाला विकू शकतो हे ठरलेले होते. शेजारच्या गावांतले, तिच्या घरच्यांच्या ओळखीचे लोक हल्लेखोरांना सामील झाल्याचे ती लिहिते, आणि मोसुलमधल्या ज्या कुटुंबांनी दारे लावून घेतली त्यांना ती माफ करत नाही. त्याच मोसुलमधल्या एका सुन्नी मुस्लिम कुटुंबाने तिला घरात घेतले आणि त्यांच्या मुलाने जीव धोक्यात घालून, नवरा असल्याचे भासवून तिला कुर्दिस्तानात पोचवले, हेही तीच लिहिते. यातले एक सांगून दुसरे गाळणाऱ्याला तिची साक्ष नको असते, तिचा उपयोग तेवढा हवा असतो.

असा उपयोग तिने सुटकेच्या वाटेवरच अनुभवला. नाक्यावरच्या कुर्दी अधिकाऱ्यांनी तिची हकिगत कॅमेऱ्यापुढे वदवून घेतली, ती बाहेर जाणार नाही असे सांगितले, आणि ती बातम्यांत झळकली. प्रतिस्पर्धी कुर्दी पक्षाच्या सैनिकांनी यझिदींना वाऱ्यावर सोडले, हे त्यांना तिच्या तोंडून हवे होते. ते खरेही होते. पण त्या चित्रफितीमुळे तिला सोडवणाऱ्याचा जीव टांगणीला लागला. पुस्तकातला माझ्या मते सर्वांत बोचरा भाग हाच आहे, कारण इथे अत्याचार करणारे नाहीत, सहानुभूती दाखवणारे आहेत.

आपल्याकडे याहून वेगळे काय घडते? मे 2023 मध्ये मणिपूरमध्ये दोन स्त्रियांची विवस्त्र धिंड काढली गेली. पहिली अटक झाली ती जुलैत चित्रफीत पसरल्यावर, आणि लगेच चर्चा सुरू झाली ती ‘अमुक राज्यात घडले तेव्हा तुम्ही कुठे होता’ याची. 2002 च्या गुजरात दंगलीत सामूहिक बलात्कार सोसलेल्या बिल्किस बानो यांचा खटला तर गुजरातमधून मुंबईत आणावा लागला आणि 2008 साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने अकरा जणांना जन्मठेप दिली. 15 ऑगस्ट 2022 रोजी ते सुटले तेव्हा त्यांचे हार आणि मिठाईने स्वागत झाले. सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली जानेवारी 2024 मध्ये. नादियाचे उतारे मला हिरिरीने पाठवणारी मंडळी त्या सतरा महिन्यांत गप्प होती. उलट, कल्याणचे चार तरुण 2014 सालीच आयसिसकडे गेले होते हा विषय निघाला की दुसऱ्या बाजूची मंडळी चहाचा कप उचलतात.

इथे कायद्याने निदान एक वाट काढली आहे. गुन्हा परदेशात, परकीयाने, परकीयावर केलेला असला तरी वंशसंहाराचा खटला जर्मन न्यायालयात चालू शकतो. फ्रँकफुर्टच्या न्यायालयाने 30 नोव्हेंबर 2021 रोजी आयसिसच्या एका इराकी सदस्याला जन्मठेप दिली. त्याने गुलाम म्हणून विकत घेतलेल्या पाच वर्षांच्या यझिदी मुलीला उन्हात बांधून ठेवून मरू दिले होते. यझिदींच्या वंशसंहाराबद्दल जगात झालेली ही पहिली शिक्षा, आणि त्यात मुलीच्या आईची साक्ष निर्णायक ठरली. भारताने वंशसंहारविरोधी करार 1959 साली मान्य केला, पण आपल्या फौजदारी कायद्यात हा गुन्हा आजही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 1984 च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या एका निकालात, 2018 साली, ही उणीव स्पष्ट शब्दांत नोंदवली होती. नवी न्यायसंहिता आली तरी ती भरलेली नाही. या उणिवेवर बोलायला कोणत्याच बाजूला सवड नाही, हे मला उताऱ्यांच्या राजकारणापेक्षाही गंभीर वाटते.

अर्थात ‘तिकडे सगळे कसे छान’ असे कोणी म्हणाले, तर मी मान हलवणार नाही. जर्मन संसदेने जानेवारी 2023 मध्ये यझिदींचा वंशसंहार एकमताने मान्य केला, आणि त्याच वर्षी आश्रय नाकारलेल्या यझिदींना इराकला परत पाठवणेही सुरू झाले. ज्या गावांत परतायचे तिथे अजून सामूहिक कबरी उकरल्या जात होत्या, आणि कित्येक कुटुंबे तंबूंतच राहत होती.