अकरा फोडी

गेल्या रविवारी एका परिचितांकडे जेवायला गेलो असता, मी ताटाच्या कडेला सारून ठेवलेल्या टोमॅटोच्या फोडी शेजारच्या गृहस्थांनी बोट दाखवून मोठ्याने मोजल्या. अकरा भरल्या. माझे वय त्रेचाळीस आहे, माझ्या सहीने कार्यालयातली बिले मंजूर होतात, आणि तरीही ‘अकरा’ हा आकडा उच्चारला गेला तेव्हा, परीक्षेत शेजारी डोकावू लागला की उत्तरपत्रिकेवर धरतात तसा मी ताटावर हात आडवा धरला.

हे गृहस्थ यजमानीणबाईंचे काका होते, म्हणून जेवणापुरते ते सर्वांचेच काका झाले होते.

“टोमॅटो खात नाही?”

“नाही.”

“का?”

“आवडत नाही.”

“आवडत नाही म्हणजे काय?”

‘आवडत नाही’ या शब्दांचा अर्थ आवडत नाही, यापलीकडे मला आजवर सापडलेला नाही. काकांना मात्र तो पुरेसा वाटला नाही. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला आणि तपासाला रीतसर सुरुवात केली. ॲलर्जी आहे का? नाही. मुतखडा? नाही. पित्त? नाही. घरी कोणीच खात नाही का? सगळे खातात. प्रत्येक नकारागणिक त्यांच्या चेहऱ्यावरची सहानुभूती एकेक पायरी उतरत गेली, आणि मुतखडा नसल्याचे ऐकून तर त्यांची खरोखरच निराशा झाली, असे मला वाटले. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारले, “सॉस?”

पंगतीत शांतता पसरली. समोरच्या बाईंनी वाढण्याचा चमचा हवेतच धरला.

“सॉस खातो,” मी म्हणालो.

काका खुर्चीत मागे रेलले. साक्षीदार फुटल्यावर वकील ज्या समाधानाने न्यायाधीशांकडे पाहतो, त्या समाधानाने त्यांनी एकेकाकडे पाहिले आणि सर्वांसाठी निकाल जाहीर केला, “सॉस खातात!”

सॉसचा हा पेच मला आयुष्यभर घातला गेला आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे एकदाच देतो. कच्च्या टोमॅटोच्या एका फोडीत दातांना तीन निरनिराळे पदार्थ लागतात: न तुटणारी साल, किंचित रवाळ गर आणि बियांभोवतीचा तो बुळबुळीत, थंड रस, जो चावण्याआधीच घशाकडे निघालेला असतो. सॉसमध्ये साल नसते, बी नसते, बुळबुळ नसते. माझे वैर चवीशी नाही, स्पर्शाशी आहे. पण हे वाक्य बारा माणसांसमोर, तोंडात घास असताना म्हणून पाहावे.

शिवाय टोमॅटो स्वतः तरी कुठे निःसंदिग्ध आहे? वनस्पतिशास्त्र त्याला फळ म्हणते. १८९३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो भाजी असल्याचा निकाल दिला, कारण आयात भाज्यांवर दहा टक्के कर होता, फळांवर नव्हता, आणि लोक टोमॅटो जेवणासोबत खातात, जेवणानंतर गोड म्हणून खात नाहीत, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. आपण कोण हे ठरवून घ्यायला ज्या वस्तूला न्यायालयाची पायरी चढावी लागली, तिच्याबाबत मी चार दशके एकच मत धरून आहे, आणि तरी चंचल, लहरी व लाडावलेला मीच ठरतो.

मी काकांना शास्त्रही सांगून पाहिले. १९३१ च्या सुमारास आर्थर फॉक्स नावाच्या एका रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पावडर हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याने ती अत्यंत कडू असल्याची तक्रार केली आणि फॉक्सना तर तिची काहीच चव लागेना. दोघेही खरेच बोलत होते, कारण त्या पदार्थाची चव लागणे किंवा न लागणे हे बरेचसे आनुवंशिक असते. तात्पर्य, एकाच्या जिभेचा अनुभव दुसऱ्याला असेलच असे नाही. काकांनी हे सर्व मान डोलावत ऐकून घेतले आणि म्हणाले, “मग तुम्ही ती पावडर खाऊ नका. टोमॅटो खा.”

याच काकांनी थोड्या वेळापूर्वी मशरूमची भाजी हातानेच परतवली होती. “मला गॅसेस होतात,” असे ते म्हणाले, आणि भांडे आदराने पुढे सरकले. कोणी ‘गॅसेस म्हणजे काय’ असे विचारले नाही. पोटाला जी प्रतिष्ठा आहे, ती जिभेला नाही. मी स्वतः एका कार्यालयात तीन वर्षे ॲलर्जीच्या खोट्या बतावणीवर सुखाने जेवलो आहे. मानसोपचाराच्या अमेरिकन नियमपुस्तकात २०१३ पासून अन्न टाळण्याच्या एका विकाराची नोंद आहे. त्यात माणसाचे वजन घटते, पोषण कमी पडते. तो खरा त्रास असतो, आणि माझ्या वजनाकडे पाहता त्याचा आधार घेण्याची मला सोय नाही. मला काहीही झालेले नाही, हाच माझा गुन्हा आहे.

शेवटी काका म्हणाले, “लहानपणी आईने लाड केले असणार.” सगळे हसले. मीही हसलो.

आईने लाड केले नव्हते. मी सात वर्षांचा असताना ती माझ्या ताटासमोर बसून राहायची, आणि मी फोड गालात धरून ठेवायचो, ती कोमट होऊन साल सुटेपर्यंत. एका संध्याकाळी मला ओकारी झाली. तिने फरशी पुसली, माझे तोंड धुतले, आणि त्यानंतर माझ्या वाटीत टोमॅटोची फोड कधीही आली नाही; त्यावर एक शब्दही ती बोलली नाही. हे मी काकांना सांगायला हवे होते. मी का हसलो, ते मला कळत नाही, आणि काकांपेक्षा त्या हसण्याचाच राग मला अधिक येतो.

आज सकाळी यजमानीणबाईंचा फोन आला. पुढच्या महिन्यात पुन्हा जेवण आहे. काकांनी त्यांना माझी अडचण समजावून सांगितली असून, या वेळी माझी पंगत मुलांबरोबर मांडणार आहेत. मुलांसाठी सगळे बिनटोमॅटोचेच करतात, असे त्या अतिशय प्रेमाने म्हणाल्या. मुलांना सातलाच वाढतात, आणि काका आठशिवाय येत नाहीत, एवढे विचारून घेऊन मी होकार कळवला आहे.