करडी झुडपं, कोरडा दावा

जानेवारी 2025 मध्ये लॉस एंजेलिसजवळ पॅलिसेड्सची आग भडकली, तेव्हापासून एक जुना दावा नव्याने फिरतो आहे. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या समुद्रकड्यांवर आणि त्यांच्या माथ्यावरच्या सपाटीवर जी करडी झुडपं दिसतात ती मेलेली आहेत, नुसतं सरपण. ती उपटून झाडं लावली की आगी थांबतील आणि कडेही ढासळणार नाहीत. पण चिमणीएवढ्या एका पक्ष्यापायी सरकार त्यांना हात लावू देत नाही. एवढा सगळा मजकूर एका फोटोखाली असतो आणि फोटो बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरातला.

गफलत तिथूनच सुरू होते. या किनाऱ्यावर पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च पडतो. सॅन दिएगोत वर्षाकाठी जेमतेम 250 मिलिमीटर, आणि उन्हाळा जवळजवळ पूर्ण कोरडा. पानं हिरवी ठेवायची तर पाणी खर्च होतं, म्हणून कॅलिफोर्निया सेजब्रश, ब्लॅक सेज यांसारखी झुडपं उन्हाळ्यात पानं गाळतात. तीही सगळी नाही. वसंतात आलेली मोठी पानं झडतात आणि बगलेतल्या आखूड फुटव्यांवरची बारीक पानं टिकून राहतात. पाऊस पडला की काही आठवड्यांत झुडूप पुन्हा पालवतं. शेजारची लेमोनेडबेरी तर चिवट, जाड पानं घेऊन बाराही महिने हिरवी असते. (सेजब्रश नावापुरतीच सेज. ती दवण्याच्या प्रजातीतली, चुरगळली की वासावरून नातं कळतं. खरी सेज तुळशीच्या कुळातली.) पानगळीला मरण म्हणायचं, तर अर्धी जंगलं दरवर्षी मरतात.

सरपणाचा मुद्दा मात्र सरसकट खोटा नाही. या पानांत सुगंधी तेलं असतात, काटक्या वाळलेल्या असतात आणि वाळवंटाकडून सांता आना वारे सुटले की ही झुडपं पेटतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न असा की ती उपटल्यावर तिथे काय उगवतं? जमीन मोकळी राहत नाही. भूमध्य समुद्राकडून आलेलं रानटी ओट, रेड ब्रोम हे गवत आणि काळी मोहरी ती जागा बळकावतात. हे गवत उन्हाळ्याच्या तोंडाशीच वाळतं आणि एका ठिणगीने पेट घेतं. कॅलिफोर्नियातल्या बहुतेक आगी माणसांमुळे लागतात, म्हणजे ठिणग्यांना तोटा नाही. आगी लवकर-लवकर येऊ लागल्या की झुडपांना पुन्हा उभं राहून बी धरायला वेळच मिळत नाही, गवत आणखी पसरतं आणि पुढची आग आणखी सोपी होते. झुडपांचे डोंगर असे कायमचे गवताळ झालेले आहेत. म्हणजे आग थांबवायला सुचवलेला उपाय आगीचीच सोय करतो.

घराभोवतीची साफसफाई हा वेगळा विषय. वणव्याचा धोका असलेल्या भागात घरापासून 100 फुटांपर्यंत झाडोरा आटोक्यात ठेवणं राज्याच्या कायद्यानेच बंधनकारक आहे. त्यापलीकडचा अख्खा डोंगर खरवडला तरी वाऱ्याबरोबर उडत येणारे निखारे अडत नाहीत, आणि घरं मोठ्या संख्येने पेटतात ती त्या निखाऱ्यांनी.

झाडं लावण्याबद्दल थोडक्यात: 1991 साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली, 25 माणसं गेली, आणि तिथे बाहेरून आणून लावलेल्या निलगिरीने त्या आगीला चांगलाच हातभार लावला होता.

कड्यांचं म्हणाल, तर तो प्रयोगही होऊन गेला. माती धरावी म्हणून दक्षिण आफ्रिकेतलं आइस प्लांट रेल्वेमार्गांच्या आणि रस्त्यांच्या कडेला लावलं गेलं. पानं पाण्याने जड, मुळं उथळ. उतारावर पावसात भिजलं की ते मातीसकट खाली घसरू शकतं. शिवाय बागेला घातलेलं पाणी जमिनीत मुरतं. लॉस एंजेलिसजवळच्या किनाऱ्यावर, पालोस वेर्देसमधल्या पोर्तुगीज बेंड या भागाची जमीन 1956 पासून सरकते आहे. सुरुवात रस्त्याच्या कामाने झाली, पण घरांच्या सेप्टिक टाक्यांतून आणि बागांतून मुरलेल्या पाण्यानेही तिला बळ दिलं. उन्हाळाभर पाणी न मागणारं झुडूप अशा कड्यावर ओझं कसं ठरतं?

आता पक्षी. कॅलिफोर्निया नॅटकॅचर चिमणीएवढाही नाही, जेमतेम 6 ग्रॅमचा. 1993 साली त्याला संरक्षण मिळालं. त्याच वर्षी रिव्हरसाइड काउंटीत घरं जळाली, तेव्हा खापर एका संरक्षित कांगारू उंदरावर फुटलं होतं: त्याच्यासाठी आग अडवायला जमीन नांगरू दिली नाही, म्हणून घरं गेली. अमेरिकी काँग्रेसच्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने चौकशी केली आणि 1994 च्या अहवालात सांगितलं की घरं जळण्याचा त्या बंदीशी संबंध दिसत नाही. दावा तोच, प्राणी बदलला.

आणि ‘हात लावू देत नाही’? बहुतेक अंदाजांनुसार या झुडपांचं मूळ क्षेत्र 70 ते 90 टक्के घटलं आहे, मुख्यतः घरं आणि शेतीपायी. याच झुडपांत राहणारं पालोस वेर्देस ब्लू हे फुलपाखरू 1983 नंतर दिसेनासं झालं, नामशेष झालं असं मानलं गेलं. 1994 मध्ये ते सापडलं सॅन पेद्रोत, लष्कराच्या इंधनसाठ्याच्या आवारात. खरंखुरं इंधन जिथे साठवलं होतं, तिथेच ते तगून राहिलं होतं.